गाणं बाईला कुठे नेऊन सोडतं?

विरार सुटलं तरी बायकांचा डबा रिकामा होत नाही, फक्त पाय हलवता येतील इतका सैल होतो. नवरात्रातली संध्याकाळ आहे. आजचा रंग नारिंगी. साड्या नारिंगी, ओढण्या नारिंगी, आणि सकाळच्या घाईत ज्यांना काहीच सापडलं नाही त्यांच्या केसांत दारातल्या कटलरीवालीकडून घेतलेला नारिंगी क्लिप. सामानाच्या रॅकला झेंडूचं तोरण, त्याखाली दोऱ्यानं बांधलेला देवीचा फोटो. गाडी डहाणूला चालली आहे, पुढचं स्टेशन वैतरणा. मी चौथ्या सीटवर अर्धी टेकले आहे, अर्धी अधांतरी.

दादरपासून चाललेली अंताक्षरी विरारपर्यंत टिकली. आता भजनवाल्या बायका पिशव्यांतून टाळ काढतात. ढोलकी नाही, पण एकजण डब्याचा पत्रा असा वाजवते की ढोलकी आठवत नाही. गणपती होतो, देवीची आरती होते, आणि मग कुणीतरी म्हणतं, "काकी, रोडगा घ्या ना."

काकी सत्तरीच्या, सफाळ्याकडच्या आगरी. लेकीकडून परत चालल्या आहेत. रोजच्या प्रवासातल्या नव्हेत, तरी या कोपऱ्यात त्यांना न ओळखणारी बाई नाही. त्या धवलारीण आहेत, इथल्या कितीतरी जणींच्या लग्नात त्यांनीच धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हटलेत.

रोडगा म्हणजे एकनाथांचं भारूड. सोळाव्या शतकातलं. त्यातली सून भवानीला नवस बोलते आणि सासरच्या एकेकाची विल्हेवाट मागत जाते. सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर, कुणी सुटत नाही. शेवटी दादला. सगळे गेल्यावर मला एकटीलाच राहू दे, असं तिचं मागणं. कीर्तनकार सांगतात की हे रूपक आहे, ही नाती म्हणजे प्रपंचाचे पाश आणि एकटं उरणं म्हणजे मुक्ती. असेल. डब्यात मात्र दादल्याचं कडवं येतं तेव्हा जो आवाज उठतो त्यात अध्यात्म कमी आणि हिशेब जास्त आहे. एरवी मान खाली घालून मोबाइल बघणारी, खिडकीतली एक बाईसुद्धा त्या कडव्याला मान वर करते आणि टाळी देते.

भारूड संपतं न संपतं तोच बोईसरला उतरणारी एक बाई म्हणते, "आमच्याकडं हादग्यात याहून कडक गाणं हाय." ही साताऱ्याकडची. नवरा तारापूरच्या एमआयडीसीत आहे, म्हणून ती इकडे. ती उभी राहून, दांड्याला एक हात धरून, गाते. तिच्या गाण्यात माहेर आणि सासर समोरासमोर ठेवलेले आहेत. माहेरी खेळायला मिळतं. सासरी काय होतं? कोंडतात आणि मारतात. आडपडदा नाही, रूपक नाही. परकरातल्या मुली हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून हे म्हणत आल्या, खिरापत ओळखत आल्या आणि घरी जेवायला जात आल्या. मुलींना इतक्या लहान वयात दिलेली ही धोक्याची सूचना होती. आपण तिला सण म्हटलं आणि पुढे गेलो.

गाडी वैतरण्याला थांबते. थोड्या बायका उतरतात, मोबाइलचे दिवे लावून अंधारात चालू लागतात. सिग्नल पडलेला नाही. "मेल काढत असतील," असं म्हणून दारातल्या मुली पायरीवर बसकण मारतात. पुढे खाडी, खाडीवर पूल, आणि दोन पुलांच्या मध्ये वाढीव बेट. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं रेल्वेच्या पुलावरून चालत नाहीतर होडीनं ये-जा केली आहे.

गाडी थांबली की गप्पा सुरू होतात, हा नियम आहे. पण आजच्या गप्पा गाण्यातून निघाल्या आहेत.

"आमच्या बाजूवाली आहे ना," एकजण सुरू करते, "तिचा शनिवारी पगार झाला की आम्हीच टीव्हीचा आवाज मोठा करतो."

"आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर."

"माझ्या जावेची बहीण."

खाडीकडच्या एका पाड्यावरची बाई म्हणते, "आमच्या इथं एक होती. रात्री निघाली. निघून जाणार कुठं? एकीकडं पाणी, एकीकडं रूळ. पुलाच्या तोंडाशी बसून राहिली नि सकाळी परत घरी आली."

मी नुसती ऐकते आहे. कुणीच 'मी' म्हणत नाही. सगळं शेजारणीचं, जावेच्या बहिणीचं, 'एक होती'चं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. म्हणजे शंभर बायकांच्या या डब्यात तिसाच्या आसपास. इतक्या शेजारणी येतात कुठून, हा प्रश्न इथे कुणी कुणाला विचारत नाही आणि तेच शहाणपणाचं आहे. गाण्यानं त्यांना तिसऱ्या माणसाबद्दल बोलण्याची सोय करून दिली आहे. भारुडातल्या सुनेबद्दल बोलता बोलता शेजारणीबद्दल बोलता येतं, आणि शेजारणीबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल, नाव न घेता. गाणी जागृती करतात असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा एवढंच घडत असतं, आणि ते थोडं नाही. त्याच पाहणीत हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के निघाल्या.

पण मला दुसराच प्रश्न पडलेला आहे. गाणं तोंड उघडतं हे खरं. मग ते बाईला नेऊन कुठे सोडतं?

हादगा तिला माहेरी सोडतो. जात्यावरच्या ओव्यांतही तेच, हाक जाते ती आईला नाहीतर भावाला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांत भाऊराया किती वेळा येतो याला गणती नाही. भारूड भवानीच्या दारात सोडतं. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मपर अभंगांतून नवऱ्यानं केलेली मारहाण लिहून ठेवली, तुकोबांचा ध्यास घेतला म्हणून झालेली. त्या कथेतही सुटका होते ती नवरा आजारी पडून त्याला पश्चात्ताप झाल्यावर. माहेर, देवी, नवऱ्याचं मनपरिवर्तन. तिन्ही गोष्टी बाईच्या हातातल्या नाहीत.

"आम्ही 'मुलगी झाली हो' पाहिलं होतं," समोरच्या निवृत्त शिक्षिका म्हणतात. त्या पालघरला उतरतात. "मुंबईत नवी नोकरी लागली तेव्हा. त्यातली गाणी आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो."

ज्योती म्हापसेकरांचं ते नाटक १९८३ चं, स्त्री मुक्ती संघटनेचं. मैदानात, वस्तीत, शाळेत, जागा मिळेल तिथे व्हायचं. गाण्यावर चालणारं, सोपं, एकदा ऐकून उचलता येईल असं. त्याच वर्षी भारतीय दंड विधानात ४९८-अ हे कलम आलं आणि बायकोचा छळ हा पहिल्यांदा वेगळा गुन्हा ठरला. त्या नाटकातली गाणी बाईला माहेरी पाठवत नाहीत, दुसऱ्या बायकांमध्ये आणून उभी करतात. हा फरक मोठा आहे. शिक्षिकाबाई दोन ओळी गुणगुणतात, तिसरी आठवत नाही. बाजूची विशीतली मुलगी मोबाइलवर शोधायला लागते.

या मुलीच्या मांडीवर फाइल आहे. समाजकार्य शिकते, आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्कला समुपदेशन केंद्रात असते. शोधता शोधता ती दुसरंच गाणं लावते. "आम्हाला वर्गात दाखवलं होतं हे." 'मन के मंजीरे'. शुभा मुद्गल यांचा आवाज, प्रसून जोशींचे शब्द, शंतनू मोइत्रांचं संगीत, 'ब्रेकथ्रू' या संस्थेनं २००० च्या सुमारास काढलेलं. तेव्हा म्युझिक चॅनेलवर दिवसातून कितीदा तरी लागायचं. त्यात मीता वशिष्ठ मारहाणीचं घर सोडते, ट्रकच्या स्टिअरिंगवर बसते आणि वाटेत भेटणाऱ्या बायकांना घेऊन जाते. एका खऱ्या बाईच्या आयुष्यावरून सुचलेली ती गोष्ट.

सहा-सात डोकी त्या एवढ्याशा पडद्यावर वाकली आहेत. काकी नीट बघतात आणि विचारतात, "ट्रक कुणाचा? नि लायसन होता का तिच्याकडं?"

डबा हसतो. मला हा गाण्यावरचा सर्वांत नेमका अभिप्राय वाटतो. गाणं सुंदर आहे, आवाज अंगावर येतो, आणि बाई मोकळ्या रस्त्याला लागते. पण जिच्याकडे ट्रक नाही तिनं काय करायचं, हे त्यात नाही. पश्चिमेकडची गाणीही याच अडचणीत सापडतात. ट्रेसी चॅपमननं १९८८ मध्ये 'बिहाइंड द वॉल' गायलं, एकही वाद्य न वापरता. भिंतीपलीकडचा आरडाओरडा ऐकणारी शेजारीण त्यात बोलते, आणि पोलीस येतात ते फार उशिरा. पुढे 'डिक्सी चिक्स'च्या 'गुडबाय अर्ल'मध्ये तर बायको आणि तिची मैत्रीण मिळून नवऱ्याला विष घालतात, चालही मोठी आनंदी. अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. एकनाथांच्या सुनेनं दादल्यासाठी मागितलं ते काय वेगळं होतं? आपण त्याला चारशे वर्षं टाळ वाजवतो आहोत.

"खरं सांगू का," वसईच्या गाळ्यात पॅकिंगला जाणारी एकजण मधेच बोलते. मघापासून गप्प होती. "हळदीला ती बेवड्या नवऱ्याची गाणी लागतात ना, बेंजोवर, तेव्हा सगळ्यात जास्त मीच नाचते."

क्षणभर कुणी काही बोलत नाही. मग काकी म्हणतात, "नाच गो बाय. घामानं तरी निघतंय."

इथे मला थांबावं लागतं, कारण पालघर-वसई पट्ट्यात खरी लोकप्रिय गाणी हीच. हळदीची. आगरी-कोळी गाणी, वऱ्हाडापेक्षा उंच स्पीकर, रात्री उशिरापर्यंत ठेका. त्यांत पिऊन पडणारा नवरा हा विनोदाचा ठरलेला विषय. बायको त्याला बोलते, लाटणं दाखवते, तो गटारात पडतो, सगळे हसतात. मला या गाण्यांचा राग येत नाही. चाली अस्सल आहेत, भाषा जिवंत आहे आणि त्यांना लाखांनी ऐकणारे आहेत. फक्त एवढंच की त्यांत मार नेहमी नवरा खातो. प्रत्यक्षात त्या मांडवात नाचणाऱ्या किती जणींच्या घरी उलटं आहे, ते वर आलंच. गंमत म्हणून एकदा मान्य झालेली गोष्ट मग तक्रार म्हणून मांडता येत नाही. "पितो तो, करतो कधीमधी," असं म्हणताना आवाजात हळदीचा ठेका असतो.

फिल्डवर्कवाली मुलगी फाइल बंद करते. "मावशी, पण निघायचंच कशाला घरातून?"

"मग काय मार खात बसायचं?"

"नाही. तुम्ही राहायचं. कायद्यात आहे. घर कुणाच्याही नावावर असो, ज्या घरात तुम्ही नांदलात तिथं राहायचा हक्क आहे तुमचा. कोर्ट नवऱ्याला सांगू शकतं की तू बाहेर हो."

"घर सासऱ्याच्या नावावर हाय."

"तरी."

यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मुलगी बरोबर सांगते आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. कलम १७ राहण्याच्या हक्काचं. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी मारणाऱ्या पुरुषाला घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात. सासऱ्याच्या नावावरचं घरही यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात सांगितलं. मारहाण रोखणारा संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागदावर हे सगळं आहे. तारखा पडतात, या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे दुसरीही दहा कामं असतात आणि आदेश मिळाला तरी त्या घरात रात्र काढायची असते ती बाईलाच. हे मान्य. पण हक्क आहे, हे माहीत असणं आणि नसणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

काकी विचारात पडल्या आहेत. "कधीपासून हाय म्हणालीस?"

"२००६ पासून."

"मंग आमच्या कानावर कसा नाय आला?"

मुलीकडे उत्तर नाही. माझ्याकडे आहे, पण तेवढ्यात गाडी हलते. पुलावर चढल्यावर लोखंडाचा खडखडाट सुरू होतो आणि बोलणं अशक्य होतं. टाळ पुन्हा हातात येतात. बायका ओठ हलवताना दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. खाली खाडी काळी आहे, दूर वाढीवचे दिवे.

पूल संपतो. सफाळ्याच्या बायका पिशव्या सावरत दाराकडे सरकू लागतात. मुलगी काकींना गाठते. "काकी, तुम्ही धवल्यात नवरीला सगळं शिकवता. सासूशी कसं वागायचं, दिराशी कसं वागायचं. त्यात एक कडवं घाला ना. १८१ नंबरचं."

"लग्नात पोलिसाचा नंबर सांगू? मना मांडवातून हाकलतील गो."

"पोलिसाचा नाही, महिला हेल्पलाइनचा."

"तेच ते." काकी उतरण्याच्या तयारीत, पदर खोचून. "हळदीच्या गाण्यात घालायला सांग त्या पोरांना. आम्हा म्हाताऱ्यांचं आता ऐकतंय कोण? डीजे लागला का आमचा आवाज गेला."

त्या उतरतात. मला वाटतं त्यांनी सहज म्हणून सांगितलं ते धोरण ठरवणाऱ्यांनी ऐकायला हवं. जागृतीची गाणी आपल्याकडे कमी नाहीत. शासनाची आहेत, संस्थांची आहेत, २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या सोळा दिवसांच्या हिंसाविरोधी मोहिमेत दरवर्षी नवी येतात. ती कार्यक्रमात वाजतात आणि कार्यक्रमातच राहतात. त्यांत बाई सहसा रडते किंवा मूठ आवळते. पत्ता, नंबर, हक्क, पुढची पायरी, यातलं काही नसतं. जी गाणी खरोखर घराघरांत जातात त्यांत हे घालायचं कुणाला सुचत नाही, किंवा सुचलं तरी त्यानं मजा जाईल असं वाटतं.

मजा जात नाही. अमेरिकन रॅपर लॉजिकनं २०१७ मध्ये आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनचा नंबरच गाण्याचं नाव म्हणून वापरला. विषय वेगळा, पण युक्ती तीच. ते गाणं तुफान चाललं. पुढे २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की ज्या दिवसांत त्या गाण्याची सर्वांत जास्त चर्चा होती, अशा ३४ दिवसांत त्या हेल्पलाइनला नेहमीपेक्षा सुमारे दहा हजार फोन जास्त आले. कुणी भाषण केलं नव्हतं. नंबर चालीत बसला होता, आणि चालीत बसलेली गोष्ट घाबरलेल्या माणसालाही आठवते.

'एकशे एक्क्याऐंशी' हे चालीत बसवायला अवघड आहे, हे कबूल. 'एक-आठ-एक' मात्र बेंजोवर सहज बसेल. मी खिडकीच्या कठड्यावर बोटांनी ठेका धरून बघते. बसतं.

तेव्हा ही विनंती पालघर, वसई, डहाणूच्या पोरांना, जी हळदीची गाणी लिहितात, घरच्या खोलीत रेकॉर्ड करतात आणि यूट्यूबवर टाकतात. तुमची गाणी या पट्ट्यातल्या बायका पाठ करतात, त्यांवर नाचतात, मुलांना झोपवताना म्हणतात. कुठल्याही खात्याच्या जाहिरातीला इतकी पोच नाही. तुमच्या गाण्यातल्या बायकोच्या हातातलं लाटणं राहू द्या, नवऱ्याला गटारातही पडू द्या. फक्त पुढच्या कडव्यात त्या बाईला माहेरची गाडी पकडायला लावू नका. तिला घरातच राहू द्या, आणि तिच्या तोंडी तो तीन आकडी नंबर द्या.

आणि ज्यांना गाणी लिहिता येत नाहीत, फक्त शेजारीण आहे, त्यांच्यासाठी कायद्याचं कलम ४. मार खाणाऱ्या बाईनंच तक्रार करायला हवी असं नाही. शेजारणीनं, जावेनं, गाडीतल्या मैत्रिणीनं, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवलेलं चालतं, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कसलीही कारवाई होत नाही. १८१ ला फोन चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत.